प्रादेशिक पाणीयोजनेची ११ केव्ही लाइन आणि सिग्नलची केबल: मृगाआधी काय काय उरकायचं?

तापीकाठ:
तापीवर जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), तिथून साडेसहा किलोमीटरवर जलशुद्धीकरण केंद्र, पुढे १.८ किलोमीटरवर टेकडीवरची मुख्य टाकी आणि तिथून गुरुत्वाने गावोगावच्या जलकुंभांना पाणी. जॅकवेलवर १०० एचपीचे तीन व्हर्टिकल टर्बाइन पंप, दोन चालू, एक राखीव. ट्रान्सफॉर्मर ३१५ केव्हीए. मीटर उपकेंद्रातच आहे, त्यामुळे तिथून पुढची नऊ किलोमीटर ११ केव्ही लाइन सांभाळायची ती योजनेनेच. पाइपच्या चरात १० जोडीची ०.५ मिमी जेली केबल (ओलावा अडवायला जेली भरलेली टेलिफोनची केबल) आहे. एका जोडीवर जॅकवेल ते केंद्र फोन, दुसरीवर टाकीच्या पातळीचा सिग्नल.

वारा सुटला की ट्रिप, म्हणजे लाइन आपोआप बंद. पहिला शिडकावा झाला की ट्रिप. टाकी भरून वाहते तरी पातळीचा आकडा ८० टक्क्यांपुढे सरकत नाही. फोनवर सतत घरघर. ठेकेदार म्हणतो केबल विसरा, मोबाइलचं मॉडेम लावा. कामाचा क्रम, सामान आणि मोजमापं यावर जाणकारांनी लिहावं. ‘लाइनवर फिरून या’ एवढंच नको, फिरताना काय बघायचं तेही सांगा.

लाइनमन_आप्पा:
वाऱ्याची ट्रिप आधी घ्या, ती बिनखर्चाची आहे. नऊ किलोमीटर म्हणजे ६० मीटरच्या स्पॅनने (दोन पोलमधलं अंतर) दीडशे पोल. प्रत्येक पोलला नंबर रंगवा, वहीत पोलमागे एक ओळ ठेवा. नंबर नसले की ‘त्या निंबाजवळचा पोल’ हाच पत्ता होतो आणि रात्री तो निंब कोणालाच सापडत नाही.

झाडतोड आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत संपली पाहिजे. रब्बी निघालेलं असतं, शेत मोकळं असतं, ट्रॅक्टर पोलापर्यंत जातो. मे अखेरीस ठिबकवरची कपाशी लागली की शेतकरी नळ्यांवरून गाडी नेऊ देत नाही, आणि त्यात त्याचं चूक नाही. निंब आणि बाभूळ तारेपासून दोन्ही बाजूंना अडीच मीटर मोकळी करा. फांदी आज लांब दिसते म्हणून सोडू नका, पावसाळ्यात निंबाचे फुटवे किती वाढतात ते धरून तोडा.

रावेर-यावलकडे केळीचा वेगळा ताप. झाड तारेला लागत नाही, पण वाळलेली पानं, घडावरच्या पिशव्या आणि मल्चिंगचा कागद वादळात उडून तारांवर बसतात. ओले झाले की दोन फेज जोडतात. लाइनखालच्या दोन ओळींतला वाळका पाला काढून टाकायची विनंती बागवाल्याला मे महिन्यातच करा. कावळ्यांची घरटी याच दिवसांत असतात आणि त्यांत काटक्यांबरोबर बांधणीची तारही असते. घरटं दिसलं की परमिट (लाइन बंद ठेवल्याची लेखी परवानगी) घेऊन काढायचं, खालून बांबूने ढोसायचं नाही.

तारेचा झोल दुपारी बघा. जळगाव-भुसावळला ४५ अंशाला तार जी लोंबते तो तिचा खरा सर्वात खालचा झोल. रस्ता ओलांडताना ११ केव्ही तार जमिनीपासून ६.१ मीटर, रस्त्याच्या कडेने ५.८ मीटर आणि शेतातून ४.६ मीटरच्या वर हवी. कपाशीची भरलेली ट्रॉली डोळ्यांपुढे ठेवून मोजा. पण म्हणून मे महिन्यात तार टाइट ओढू नका. जानेवारीच्या पहाटे तीच तार आखडते आणि डेड-एंडचा (तार जिथे संपते त्या पोलवरचा) क्लॅम्प किंवा जुना जोड सोडते. झोल जास्त असेल तर मधे एक पोल टाका, नाहीतर ओढताना त्या दिवसाच्या तापमानाचा तक्ता वापरा. एका स्पॅनमधल्या तिन्ही तारा सारख्या लोंबतायत का तेही बघा. वाऱ्यात एकमेकींवर आपटतात त्या बहुतेक वेळा कमी-जास्त झोलाच्याच असतात.

काळीमाती:
आप्पांच्या यादीत पायाची भर घालतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. पोल दरवर्षी थोडा थोडा कलतो, तार एका स्पॅनला ढिली आणि दुसऱ्याला ताठ होते. पोलचा सहावा हिस्सा जमिनीत हा नियम: नऊ मीटरच्या पोलला दीड मीटर. काळ्या मातीत खड्ड्यातून निघालेली माती परत भरायची नाही. मुरूम आणून अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी पाणी मारून कुटायचा. वळणावरच्या, शेवटच्या आणि नाल्याकाठच्या पोलला पूर्ण काँक्रीट, आणि जमिनीच्या वर अर्धा फूट उतार काढून कॉलर, म्हणजे पाणी बुडाशी साचत नाही.

स्टेकडे, म्हणजे पोल ताणून धरणाऱ्या तिरप्या तारेकडे, कोणी बघत नाही. रॉड १६ मिमीचा, तार ७/३.१५ (३.१५ मिमीच्या सात पदरांची), आणि अंडा इन्सुलेटर (स्टेच्या मधे बसवलेला, वीज खाली येऊ न देणारा) जमिनीपासून किमान तीन मीटर वर. अंडा नसलेला स्टे म्हणजे जनावर मारायचा सापळा. रॉड जमिनीच्या तोंडाशी गंजतो, तिथे अर्धा फूट उकरून बघा. बांधावरच्या स्टेला रोटाव्हेटर लागतो, म्हणून दोन मीटर पाइप चढवून पिवळा-काळा रंग द्या.

जॅकवेलजवळचे शेवटचे पोल वेगळे तपासा. हतनूरचे दरवाजे उघडल्यावर पाणी कुठवर चढतं त्याची खूण काठावर असतेच, त्या खुणेच्या आतला प्रत्येक पोल काँक्रीटमध्ये हवा. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजांच्या फुगवट्यात महिनोन्‌महिने बुड ओलं राहतं, तिथे लोखंडी पोल असेल तर गंज आणखी वेगाने. गिरणेकाठी वाळू उपसली की काठच सरकतो, तिथे पोलपासून काठाचं अंतर दरवर्षी टेपने मोजून वहीत लिहा.

गिरणाथडी:
काळीमातीदादा, हाई खरं शे. वाळूच्या डंपरने स्टे ओढला तरी पोल लगेच पडत नाही, पुढच्या वादळात पडतो. कारण म्हणून वादळ लिहिलं जातं.

ओहमचा_नियम:
पहिल्या शिडकाव्याची ट्रिप ही इन्सुलेटरवरच्या धुळीची. उन्हाळाभर थर बसतो, कोरडा असताना काही होत नाही. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो. रिमझिम मात्र त्याचा चिखल करते आणि चिखल वीज वाहतो. नदीकाठी विटभट्ट्या असतील तर काजळीमुळे दुप्पट त्रास. म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, परमिटवर, पिन इन्सुलेटर ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. सगळे दीडशे पोल होत नसतील तर भट्टीच्या अर्ध्या किलोमीटरच्या आतले, कच्च्या रस्त्याकडेचे आणि जिनिंगजवळचे आधी घ्या.

भट्टीजवळ पुन्हा पुन्हा तोच त्रास असेल तर जास्त क्रीपेजचे (तारेपासून पिनपर्यंत पृष्ठभागावरून मोजलेली लांबी) पॉलिमर इन्सुलेटर बसवा. साधा ११ केव्ही पिन ३२० मिमी क्रीपेजचा असतो. फार प्रदूषित जागेला केव्हीमागे ३१ मिमी धरतात, म्हणजे १२ केव्हीला (११ केव्ही लाइनीचं कमाल व्होल्टेज) ३७२ मिमी. हिशेब सरळ आहे, ३२० तिथे अपुरा पडतो.

आता लाइन मेगर करायची, म्हणजे तिचा इन्सुलेशनचा रोध मोजायचा कसा. दोन्ही टोकं सोडा, ट्रान्सफॉर्मर आणि लायटनिंग अरेस्टर (पडलेली वीज जमिनीत उतरवणारे) वेगळे करा, ५ केव्ही मेगर लावा. आकडा बघून घाबरू नका. एका फेजवर दीडशे इन्सुलेटर समांतर जोडलेले आहेत. प्रत्येक चांगला २००० मेगओहमचा धरला तरी २००० भागिले १५०, म्हणजे फेजचा आकडा १३ मेगओहमच येणार. त्यामुळे एकटा आकडा काही सांगत नाही, तिन्ही फेजची तुलना सांगते. दोन फेज १३-१४ आणि तिसरी २ दाखवत असेल तर तिच्यावर एक इन्सुलेटर केसासारखा तडकलेला आहे. मग मधला एबी स्विच (पोलवरचा, लाइन तोडायचा स्विच) उघडून अर्धी लाइन मोजा, दोषी अर्ध्याचा पुन्हा अर्धा. तीन-चार तुकड्यांत दहा-बारा पोलवर येता, तिथे दुर्बीण लावा. पिनच्या मुळाशी काळा डाग किंवा चकाकीवर पांढरी रेघ दिसते. ही मोजणी पहाटे दव असताना केली तर लपलेला दोष उघडा पडतो, दुपारच्या उन्हात तो चांगला म्हणून सुटतो.

पाइपवाला:
विजेवाल्यांना एक गोष्ट पाइपच्या बाजूने सांगतो. ट्रिप म्हणजे नुसता पाणीपुरवठ्याचा खोळंबा नाही. साडेसहा किलोमीटरच्या डीआय (डक्टाइल आयर्नच्या) पाइपलाइनीत दाबाची लाट सेकंदाला साधारण ११०० मीटर धावते, जाऊन परत यायला १२ सेकंद. पाणी १ मीटर प्रतिसेकंदाने वाहत असताना एकदम थांबलं तर दाबात ११० मीटरच्या आसपास चढउतार होऊ शकतो. चढ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आपटतो आणि उतार उंचवट्यावर पाइपात पोकळी करतो. एअर व्हॉल्व्ह जाम असतील तर जोड तिथेच सुटतो. म्हणून महिन्याच्या ट्रिपा आणि महिन्याच्या गळत्या एकाच वहीत शेजारी शेजारी लिहा.

वीज आली की लगेच पंप दाबू नका. पाणी उलटं उतरताना शाफ्ट उलटा फिरत असतो, रॅचेट (उलटं फिरणं अडवणारा भाग) झिजलेला असेल तर त्या अवस्थेत चालू केल्यावर शाफ्ट पिळतो. किमान पाच मिनिटं जाऊ द्या, शाफ्ट थांबलेला डोळ्यांनी बघा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून पहिला पंप घ्या, दाब स्थिर झाल्यावर दुसरा. ऑटो-स्टार्ट असेल तर दोन्ही पंपांचे टायमर वेगळे ठेवा. दोन सेकंदांच्या झटक्यानंतर दोन्ही पंप एकदम उठले तर पुन्हा ट्रिप, पुन्हा लाट.

सातपुडा_पायथा:
अरेस्टर आणि अर्थिंग. ११ केव्हीला ९ केव्ही, ५ केए गॅपलेस, ट्रान्सफॉर्मरच्या जितका जवळ तितका बरा. डीओच्या (ड्रॉप-आउट फ्यूजच्या) पलीकडे तीन मीटर तारेचा वेटोळा घालून टांगलेला अरेस्टर वीज पडल्यावर कामाचा नाही, त्या वेटोळ्यावरच व्होल्टेज चढतं. लीड आखूड आणि सरळ. अरेस्टरला स्वतंत्र अर्थ, न्यूट्रलला दोन, बॉडीला दोन. पुढे हे सगळे खड्डे जमिनीखालून पट्टीने जोडा.

रोध तीन-रॉडच्या टेस्टरने एप्रिल-मे महिन्यात मोजा. पावसाळ्यात मोजलेला सुंदर आकडा कागदापुरता. ट्रान्सफॉर्मरला ५ ओहमच्या आत हवा. काळी माती ओली असते तेव्हा उत्तम वाहते, पण फाटली की पाइपभोवती पोकळी होते आणि अर्थ नावापुरता उरतो. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी, आणि वरच्या भेगा मातीने बुजवायच्या. मीठ-कोळशाचा खड्डा दोन-तीन वर्षांत पाइप खातो, उकरून बघितल्याशिवाय कळत नाही. बेंटोनाइट जास्त टिकतं.

चोपडा-शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, हाताखाली मुरूम आणि दगड. तिथे एकाच खड्ड्यावर पैसे घालू नका. तीन मीटरचे तीन-चार रॉड एकमेकांपासून सहा मीटर लांब ठोका आणि पट्टीने जोडा. जवळ जवळ ठोकलेले चार रॉड एकाएवढंच काम करतात.

लाइनमन_आप्पा:
ट्रान्सफॉर्मरचं थोडक्यात. ३१५ केव्हीएचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण करंट १६.५ अँपिअर. डीओत २५ ते ३० अँपिअरची लिंक टाका. दुहेरी तार पिळून बसवली की ‘आता फ्यूज जात नाही’ म्हणून सगळे खूष, आणि पुढचा दोष थेट वाइंडिंगवर. आत जाणारी हवा सुकवणारं सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर बदला, खालच्या कपात तेल आहे का बघा, नाहीतर श्वास जेलमधून जातच नाही. तेलाची बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेल वीज सोडतं ती चाचणी) वर्षातून एकदा, २.५ मिमी गॅपला ३० केव्हीच्या खाली आली तर फिल्टर करा.

जंपर (पोलवर दोन तारा जोडणारे तुकडे) हाताने गुंडाळलेले असतील तर सगळे काढून प्रत्येक जोडाला दोन पीजी क्लॅम्प. तांबं आणि अॅल्युमिनियम थेट भिडवू नका, मधे बायमेटल. अंधार पडल्यावर लाइनखाली उभं राहिलं तर सैल जंपरवर ठिणगी दिसते. या कामाला शिडी लागत नाही, पैसे लागत नाहीत.

तापीकाठ:
जॅकवेलवर दुपारी व्होल्टेज ३८५ पर्यंत उतरतं. ठेकेदार म्हणतो वीझल तार बारीक आहे, नऊ किलोमीटर बदलून तिच्याहून जाड रॅबिट टाका. पटत नाही, पण उत्तर देता येत नाही.

ओहमचा_नियम:
हिशेब करा, तार बदलायची गरज नाही हे दोन ओळींत निघतं. दोन पंपांचा भार २०० केव्हीए धरला तर ११ केव्हीवर १०.५ अँपिअर. वीझलचा रोध किलोमीटरला ०.९ ओहमच्या थोडा वर, उन्हात तापल्यावर १.१ च्या आसपास. रिअॅक्टन्स धरून नऊ किलोमीटरची घट १६० ते १९० व्होल्ट. ११ हजारात पावणेदोन टक्के. पंपाच्या बाजूला ही घट सात व्होल्टच्या आसपास. तुमचे बाकीचे व्होल्ट दुसरीकडे जातायत.

उपकेंद्रातल्या मीटरवरचं व्होल्टेज आणि जॅकवेलवरचं व्होल्टेज एकाच मिनिटाला लिहा, दोन्ही पंप चालू असताना. उपकेंद्रातच कमी असेल तर विषय महावितरणचा: ११ केव्हीला अधिक ६ ते उणे ९ टक्के ही मर्यादा आहे, त्याखाली गेलं तर नोंदी जोडून लेखी द्या. शेतीपंपांच्या थ्री-फेजच्या तासांत उतरतं आणि ते तास संपले की चढतं असं दिसलं तर कारणही सापडलं. उपकेंद्रात बरोबर आणि जॅकवेलवर घट सात-आठ व्होल्टपेक्षा फार जास्त असेल तर मधे सैल जोड आहे, किंवा ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज जुळवायचा स्विच) चुकीच्या खाचेवर. टॅप बदलायचा तो वीज पूर्ण बंद करून.

एका आकड्यावर थांबू नका, तिन्ही फेज लिहा. ४००, ४१०, ४२० आले तर सरासरी ४१०, सर्वात मोठा फरक १०, म्हणजे २.४ टक्के असमतोल. दिसायला किरकोळ, पण मोटारच्या करंटमधला असमतोल याच्या सहा ते दहा पट होतो. १३० अँपिअरच्या मोटारीत एक फेज १५० वर जाते आणि वाइंडिंग तिथेच काळं पडतं. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) करंटवर चालणारा घ्या. नुसतं व्होल्टेज बघणारा फसतो, कारण फिरती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज दाखवते.

जाता जाता: एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर) आहे. १५० किलोवॅट ०.८० पॉवर फॅक्टरवर ओढले तर १८७ केव्हीए, ०.९९ वर १५२. त्यासाठी ९० केव्हीएआरच्या आसपास कपॅसिटर लागतात. पंप बंद असताना ते सुटले पाहिजेत, आणि सॉफ्ट स्टार्टरच्या मोटारकडच्या बाजूला कधीच लावू नका.

तारयंत्र:
आता केबलकडे येऊ, कारण तापीकाठ यांचा ८० टक्क्यांचा आकडा केबलच बोलतेय. पातळीचा ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा (४ म्हणजे रिकामी टाकी, २० म्हणजे भरलेली), सप्लाय २४ व्होल्ट. ट्रान्समीटरला स्वतःला १२ व्होल्ट हवे असतील तर तारेसाठी उरतात १२. २० मिलिअँपिअरला १२ व्होल्ट म्हणजे सगळ्या रोधाची मर्यादा ६०० ओहम. त्यातले २५० ओहम पॅनलमधले, उरले ३५०.

०.५ मिमी तांब्याची जोडी जाऊन-येऊन किलोमीटरला साधारण १७६ ओहम. १.८ किलोमीटरचे ३१७, आणि मातीत ३५ अंश धरले तर ३३५ च्या वर, कारण तांबं अंशामागे ०.३९ टक्के वाढतं. म्हणजे केबल नवी असतानाही जेमतेम बसत होती. आता कुठेतरी जोड ऑक्सिडाइज होऊन १२९ ओहम वाढले असतील तर एकूण झाले ७१४, आणि १२ व्होल्टमध्ये १६.८ मिलिअँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. १६.८ म्हणजे बरोबर ८० टक्के. ट्रान्समीटर ठणठणीत आहे, तो बदलू नका.

तात्पुरता उपाय दहा मिनिटांचा: दहा जोड्यांतली एक रिकामी जोडी समांतर जोडा, रोध निम्मा होतो. ट्रान्समीटर ३६ व्होल्ट घेत असेल तर सप्लाय वाढवणं हाही रस्ता. पण खराब जोड शोधावाच लागेल. आणि पॅनलमध्ये ३.६ मिलिअँपिअरच्या खाली तार तुटली, २१ च्या वर शॉर्ट, असे दोन अलार्म लावून घ्या, नाहीतर तुटलेल्या तारेला पॅनल रिकामी टाकी समजतं आणि पंप चालवत राहतं.

तापीकाठ:
आणि फोनची घरघर? ११ केव्ही लाइन पाइपच्या शेजारून पाच किलोमीटर जाते म्हणून तिचं इंडक्शन, असं सांगितलं जातं.

तारयंत्र:
इंडक्शन आहेच, पण ते घरघरीचं निम्मं कारण. जोडी समतोल असेल तर दोन्ही तारांवर सारखंच व्होल्टेज चढतं आणि फोनला दोन तारांमधला फरकच ऐकू येतो, म्हणजे काहीच नाही. घरघर ऐकू येते कारण एक तार कुठेतरी ओलाव्याने जमिनीला लागली आहे किंवा एका तारेत कोरडा जोड आहे.

मोजायचा क्रम असा. दोन्ही टोकांची उपकरणं आणि अरेस्टर मॉड्यूल काढा. आधी मल्टिमीटरने प्रत्येक तार ते अर्थ एसी व्होल्टेज बघा, नुसत्या हाताने धरू नका. ११ केव्हीच्या शेजारची लांब केबल झटका देते, आणि एक्स्चेंजची लाइन असेल तर घंटीचे ७५ व्होल्ट वेगळे. मग तार ते तार आणि प्रत्येक तार ते अर्थ इन्सुलेशन. मग पलीकडे शॉर्ट करून लूप, म्हणजे जाऊन-येऊन रोध. साडेसहा किलोमीटरला ११४४ यायला हवा, उन्हाळ्यात १२०० च्या आसपास. शेवटी तिसरी तार परतीला घेऊन दोन्ही तारा वेगवेगळ्या मोजा. एक ६०० आणि दुसरी ६९० आली तर ९० ओहमचा कोरडा जोड दुसरीत.

दोन तारा एकमेकींना भिडल्या असतील तर जागा घरबसल्या निघते. दोन्ही टोकांकडून मोजा. समजा जॅकवेलकडून ४८० आणि केंद्राकडून ७४० आले. फरक २६०, त्याला १७६ च्या दुपटीने म्हणजे ३५२ ने भागा: ०.७४. जॅकवेलकडून आकडा लहान आहे, म्हणून दोष मध्यापासून तिकडे. ३.२५ वजा ०.७४, म्हणजे जॅकवेलपासून अडीच किलोमीटर. भिडलेल्या जागेचा स्वतःचा रोध दोन्ही मोजण्यांत सारखाच असतो म्हणून तो वजाबाकीत उडून जातो.

ओहमचा_नियम:
एक दुरुस्ती. १७६ हा २० अंशांचा पुस्तकी आकडा. त्याच केबलमधली एक चांगली जोडी त्याच दिवशी शॉर्ट करून मोजा आणि तिचा किलोमीटरमागचा आकडा वापरा. तापमानाचा आणि केबल नागमोडी टाकल्याच्या लांबीचाही हिशेब त्यात आपोआप होतो.

तारयंत्र:
मान्य, तेच बरोबर. अडीच किलोमीटरला पोचल्यावर लगेच खणू नका. आजूबाजूच्या शंभर मीटरमध्ये एअर व्हॉल्व्हचं चेंबर, मोरी किंवा जुना जोड आहे का बघा, दोष तिथेच असतो. चेंबरमध्ये ठेवलेला जोड म्हणजे पाण्यात ठेवलेला जोड, तो बाहेर काढा. पिळून टेप मारलेला जोड चालणार नाही. प्रत्येक तारेला जेली भरलेला यूवाय कनेक्टर, वरून हीट श्रिंकची बाही, आणि केबलचा धातूचा पडदा जोडाच्या आरपार जोडून घ्यायचा. हा पडदा तुटलेला असतो हे घरघरीचं राहिलेलं निम्मं कारण. फोनच्या केबलचा पडदा दोन्ही टोकांना अर्थ करा. पॅनलच्या आतली जी छोटी इन्स्ट्रुमेंट केबल असते तिचा पडदा मात्र एकाच टोकाला. हे दोन नियम एकमेकांत मिसळू नका.

प्रत्येक वापरातल्या जोडीला दोन्ही टोकांना तीन पायांचं गॅस ट्यूब मॉड्यूल (केबलचा अरेस्टर), आणि त्याचा अर्थ पॅनलच्या अर्थपट्टीलाच. वेगळा खड्डा काढून तो मोकळा ठेवला तर वीज पडल्यावर दोन अर्थमधलं अंतर पॅनलमधूनच मिटतं.

वाघूर_४२५:
एवढी खटपट कशाला? सिम टाकलं की काम झालं. केबल जेसीबीवाल्यांसाठीच पुरलेली असते.

सातपुडा_पायथा:
सिम लावा, पण त्याच्या भरवशावर पंप ठेवू नका. ज्या वादळात लाइन जाते त्याच वादळात टॉवरची वीज जाते, आणि बॅटरी दमली की रेंज नेमकी तेव्हा संपते. टाकीची उंची हाताशी आहे, तिचा फायदा घ्या: ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, टाकीवरून केंद्र दिसत असेल तर १.८ किलोमीटर काहीच नाही. जॅकवेल नदीच्या खोलात असतो, तिथून थेट दिसत नाही, तिथे केबल किंवा फायबर. फायबरला इंडक्शनही नाही आणि विजेचा मारही नाही, फक्त जोडायला मशीन आणि माणूस बाहेरून आणावा लागतो.

आणि सिग्नल कोणताही असो, तो गेल्यावर पंपाने काय करायचं हे आधी ठरवा. टाकीच्या इनलेटला फ्लोट व्हॉल्व्ह, पंपाला दाबाचा स्विच, आणि सिग्नल नसताना ठरावीक तासांचा टायमर. मग केबल तुटली तरी गाव कोरडं पडत नाही आणि टाकीही वाहत नाही.

लाइनमन_आप्पा:
वाघूरभाऊ, जेसीबीवर उपाय आहे. दर शंभर मीटरला आणि प्रत्येक वळणाला दगडी खूण, आणि केबलच्या एक फूट वर पिवळी टेप. रस्त्याचं काम निघालं की ठेकेदाराला नकाशा सहीने द्या.

परमिटचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘दहाला बंद, एकला चालू’ असं फोनवर ठरवून पोलवर चढायचं नाही. लेखी परमिट, एबी स्विच उघडून कुलूप, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. तिन्ही पाती खरंच सुटली का खालून बघा, गंजलेल्या स्विचचं एक पातं आत राहतं. मग टेस्टर, मग डिस्चार्ज रॉड, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ. एका बाजूचा पुरत नाही, कारण जॅकवेलचा जनरेटर चेंजओव्हर चुकला तर वीज उलट्या बाजूने येते आणि ट्रान्सफॉर्मर तिचे परत ११ हजार करतो. शेजारून दुसरी लाइन जात असेल तर बंद तारही भरलेली असते. टेलिफोनची पोलवरून जाणारी तार ११ केव्ही ओलांडत असेल तर ती नेहमी खालून, शक्यतो काटकोनात, मधे २.४४ मीटर अंतर आणि गार्डिंगसह. त्या तारेवर काम करायलाही ११ केव्हीचंच परमिट.

काळीमाती:
सामान विचारलं होतं. नऊ किलोमीटरला पावसाळाभर स्टोअरमध्ये हे असू द्या: पिनसह १२ इन्सुलेटर, ९ डिस्क, ३०० मीटर तार, ३० पीजी क्लॅम्प, अरेस्टरचा एक पूर्ण संच, डीओची ३ बॅरल, लिंकची दोन डझन, स्टेचे ४ संच, ४ पोल. पोल स्टोअरमध्ये नकोत, लाइनच्या मध्यावर ग्रामपंचायतीच्या आवारात ठेवा. पावसात काळ्या रानातून पोल वाहून नेणं हेच अर्ध्या दिवसाचं काम असतं. केबलसाठी २०० यूवाय कनेक्टर, ४ हीट श्रिंक संच, त्याच जाडीची २०० मीटर केबल, १० गॅस ट्यूब मॉड्यूल.

तापीकाठ:
सगळं टिपून घेतलं. आज रिकामी जोडी समांतर लावली, आकडा ९६ टक्क्यांपर्यंत गेला. ती जोडीही त्याच जुन्या जोडातून जाते, म्हणून तो जोड आता उघडायचाच. शेवटचा प्रश्न: मधे एबी स्विच एकही नाही. दोन बसवायची मंजुरी आहे. तीन आणि सहा किलोमीटरला बसवू का?

ओहमचा_नियम:
टेप लावून समान तुकडे करू नका. पहिला विटभट्ट्या सुरू होण्याच्या आधीच्या पोलवर, म्हणजे सर्वात जास्त बिघडणारा तुकडा वेगळा पडतो. दुसरा नदीकाठच्या उतरणीच्या वर, पुराच्या खुणेबाहेर, म्हणजे पाणी चढलं तर शेवटचे पोल तोडून केंद्राला वीज ठेवता येते. केंद्र त्या स्विचच्या अलीकडे जोडलेलं आहे का ते आधी बघा. दोन्ही पोल डांबरी रस्त्यापासून पन्नास पावलांच्या आत निवडा, रात्री पावसात तिथवर मोटारसायकल गेली पाहिजे. हँडलला कुलूप, हँडलच्या पाइपला स्वतंत्र अर्थ, आणि पात्यांना दर सहा महिन्यांनी ग्रीस.